कडेच्या घरातलं प्यादं

रविवार, ४ फेब्रुवारी

बाबांनी वजीर देऊन टाकला! नेऊन सरळ काळ्या राजाच्या शेजारी ठेवला, हत्तीच्या तोंडात. नोव्हेंबरात झटका आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उजवा हात गेलाय, बोलणं गेलंय, आत किती शिल्लक आहे ते हळूहळू कळेल. म्हटलं, कळलं बरं का.

मी काळ्याच्या बाजूने बसले होते. निमूटपणे हत्तीने वजीर खाल्ला. बाबांनी डाव्या हाताने घोडा उचलला, नेऊन टेकवला, आणि पटाच्या कडेवर नखाने दोनदा टकटक केलं.

ती टकटक! दुकानात कोडं सुटलं की हेच करायचे. मी पटाकडे बघत राहिले. राजाच्या शेजारी त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच प्यादी, आणि घोड्याचा शह. पाय ठेवायला जागा नाही. मात! वजीर द्यायचाच होता. तो दिल्याशिवाय तो हत्ती राजाची वाट अडवायला येत नव्हता. आणि मी इकडे रडायच्या तयारीत.

जीव भांड्यात पडला. मी हसायला लागले, बाबा तोंडाच्या उरलेल्या अर्ध्या बाजूने हसले आणि म्हणाले, "बरं."

झटक्यानंतर हा एवढा एकच शब्द उरलाय. पाणी हवं, बरं. नको, बरं. पण सूर वेगवेगळे, आणि सूर मला कळतात. आजचा सूर दुकानातला होता – दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मानेमागे आरसा धरून विचारायचे तो.

दुकान चाळीस वर्षं चालवलं. खुर्च्या दोन, कारागीर एक, आणि वाट बघणाऱ्यांच्या बाकावर बुद्धिबळाचा पट. रविवारच्या पेपरातलं कोडं त्यावर मांडलेलं. मधेच काही सुचलं की वस्तरा खाली. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून अर्ध्या दाढीनिशी घरी गेलं आणि संध्याकाळी उरलेली अर्धी करून घ्यायला आलं. बाबा म्हणाले, बसा, सुटलंय आता.

आजचं कात्रण चिकटवहीत लावलं. खाली उत्तर मी लिहिलं. अक्षर माझं, डोकं त्यांचं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पत्र आलं. निवड झाली! मोठ्या संस्थेत रक्ताच्या आजारांचं दोन वर्षांचं प्रशिक्षण, मग तिथेच नोकरी. ट्रेनने चौदा तास लांब. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं. वयाची अट बेचाळीस, मला एक्केचाळीस पूर्ण. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

लॅबमध्ये आमच्या मॅडमनी पत्र वाचून पेढ्याची अपेक्षा करावी तसं तोंड केलं. मी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि स्लाइड बघायला बसले. आज एका रक्तात पेशी अशा विचित्र दिसल्या की मी घाबरून हाक मारली. मॅडमनी नेहमीचं वाक्य ऐकवलं – विचित्र दिसलं की आधी पुन्हा बघायचं, बहुतेक वेळा चूक रक्ताची नसते, काचेची असते. नवी काच केली. रक्त ठणठणीत!

घरी काही सांगितलं नाही. पत्र कपाटात साड्यांखाली.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज तीन मिनिटांत! मी अजून काळी प्यादी मोजतच होते तर टकटक. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींनी त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसताना टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १२ फेब्रुवारी

दादाचा फोन. पत्राबद्दल त्याला सांगायची चूक केली होती. तासभर चालू होता. बाबांना चांगल्या वृद्धाश्रमात ठेवायचं, त्याने चौकशीही केलीय, बाग आहे, नर्स आहेत. परदेशातून बसून सगळं करतो तो. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर याने.

पण तो सगळंच चूक बोलत नव्हता, त्याचाच राग आला. मागे डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या – समज पूर्ण गेली असेल तर माणसाला कुठे ठेवलंय याचा फरक पडत नाही. समज शाबूत असेल तर तिथल्या भिंती खातात. दादाने त्यावरून विचारलं की मग तुझं म्हणणं काय, त्यांना समजतंय?

मी म्हटलं, "जोवर बाबा रविवारचं कोडं सोडवतायत तोवर मी कुठेही जाणार नाही. त्यांना सगळं समजतं. नोकरीला मी नकार कळवणार आहे, आणि हा विषय बंद."

जरा जोरातच बोलले. फोन ठेवून आत गेले तर खोलीचं दार उघडंच. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पांघरूण नीट केलं. डोळे मिटलेले होते.

नकाराचं पत्र लिहायला घेतलं. उद्या पुरं करीन.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पत्र अजून अर्धंच. रुजू होणार की नाही हे कळवायला पाच मार्चपर्यंत मुदत आहे, घाई कशाला.

खरं लिहू? मला जायचंय. फार जायचंय. कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. सकाळी बाबांचं तोंड पुसताना मनात आलं, यांना काही कळत नसतं तर बरं झालं असतं. असं आलं मनात. मुलगी म्हणायचं मला.

रविवार, १८ फेब्रुवारी

नाही सुटलं. हत्ती नेऊन भलत्याच घरात ठेवला, फुकट गेला. मी म्हटलं, बाबा पुन्हा बघा. त्यांनी राजाच उचलून दोन घरं पुढे नेला. मग हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

एखादा रविवार असा जायचाच. दमले असतील.

मंगळवार, २० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चित्रांची पानं पुढे धरली. म्हणाल्या, कंगवा दाखवा.

बाबांनी बुटावर बोट ठेवलं.

चाळीस वर्षं ज्या माणसाच्या कानामागे कंगवा होता! मी खोलीबाहेर येऊन उभी राहिले. आत त्या कात्री विचारत होत्या. ऐकवेना.

नंतर म्हणाल्या, नव्या स्कॅनमध्ये नवीन असं काही दिसत नाही, पण कधी कधी दिसत नसतानाही माणूस उतरत जातो. आणखी एकदा महिन्याने तपासून बघू म्हणाल्या. मी मान हलवली. रिक्षात बाबांचा डावा हात हातात धरला होता. त्यांनी माझा हात घट्ट दाबला. सवयीने दाबतात तसा.

रविवार, २५ फेब्रुवारी

पटच ढकलून दिला. दोन मोहरी कपाटाखाली गेली, एक काढताना माझं डोकं आपटलं. रडायला ते निमित्त पुरलं.

मावशी म्हणाल्या, ताई, असं काही नाही हो, परवा मी दुपारची गोळी विसरले तर त्यांनीच बोटाने डबी दाखवली. मावशींचा जीव मोठा आहे. मला बरं वाटावं म्हणून सांगतात.

शुक्रवार, १ मार्च

दादाने वृद्धाश्रमाचे फोटो पाठवले. बाग खरंच आहे. मी फोटोंमध्ये रिकाम्या खुर्च्या मोजत बसले.

रविवार, ३ मार्च

शेवटचं म्हणून मांडलं. मनाशी ठरवलं होतं, आज सुटलं तर नाही म्हणून कळवायचं. पाच तारखेच्या आत कळवायलाच हवं.

पांढऱ्याने तीन खेळ्यांत मात करायची. पेपरातलं चित्र बघून मी एकेक मोहरं लावलं. बाबा बराच वेळ बघत होते. कपाळावर ती जुनी आठी आली, एका कल्ल्याची लांबी दुसऱ्याशी जुळत नसली की यायची ती. मला उगीच आशा वाटली.

मग त्यांनी हात घातला तो डबीत! उरलेल्या मोहऱ्यांतून एक काळं प्यादं शोधून काढलं आणि ठेवलं पटावर – काळ्या राजाच्या पुढच्या रांगेत, अगदी कडेच्या घरात. मात करायची पांढऱ्याने, आणि हे काळ्याला कुमक पुरवतायत. नख एकदा वाजलं. दुसऱ्यांदा नाही.

मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "बाबा, असं डबीतून प्यादं आणता येत नाही ना." आणि ते उचलून परत डबीत टाकलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग पांढरा उंट उचलला आणि सरळ चालवला. तिरका नाही, सरळ. रस्त्याने जावा तसा, चार घरं.

चार वर्षांची असताना त्यांनी मला दुकानातल्या उंच खुर्चीत बसवून शिकवलं होतं – हत्ती सरळ, उंट तिरका. मला तेव्हा धड बूट घालता येत नव्हते पण उंट तिरका चालतो हे येत होतं.

मी मोहरी गोळा केली. ते म्हणाले, बरं. कसला सूर होता तो, मला ओळखता आला नाही. असा सूर मी त्यांच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

सोमवार, ४ मार्च

येते म्हणून कळवलं. दादाला सांगितलं. तो म्हणाला, तू खूप केलंस. नको होतं ते वाक्य मला.

बाबांना कसं सांगावं कळेना. दाढीचा साबण लावता लावता सांगितलं. नोकरीचं, दोन वर्षांचं, बागेचं. म्हणाले, बरं. ब्रश ओला होता म्हणून की काय, पण त्यांच्या डोळ्यांखाली फेस लागला, तो मी पुसला.

रविवार, १० मार्च

पेपर आला. उघडला नाही. घडी तशीच रद्दीवर टाकली. आता कशाला.

शनिवार, १६ मार्च

पोचवून आले.

खोलीत दोन पलंग. शेजारी एक म्हातारे शिक्षक आहेत, दिवसभर हजेरी घेतात. खिडकी पूर्वेला आहे. बाबांचे शर्ट मी कपाटात लावले, बटणांचे पुढे, कारण बटणं एका हाताने लागत नाहीत हे तिथल्या बाईंना दाखवायचं होतं. त्यांनी ऐकलं, पण त्यांच्या डोळ्यांत घड्याळ होतं.

पट बरोबर नेला होता. बाबांनी तो माझ्या पिशवीत परत ठेवला. स्वतः, डाव्या हाताने. मला वाटलं आता ती वस्तू काय आहे हेही कळत नसावं.

निघताना वळून बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं. ते खिडकीशी बसले होते आणि माझ्याकडे बघून हात हलवत होते, मी शाळेत जायचे तेव्हा दुकानाच्या दारातून हलवायचे तसा. गाडीत बसेपर्यंत तो हात खाली आला नाही.

घरी त्यांचा टॉवेल ओलाच होता.

मंगळवार, २ एप्रिल

नवी संस्था. मायक्रोस्कोप असा की पेशीच्या आतलं आत दिसतं. पहिल्या दिवशी बारा स्लाइड. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ही पुन्हा बघायची सवय कुणी लावली? मी म्हटलं, आमच्या मॅडमनी.

मला इथे आवडतंय. हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतं.

रविवार, १४ एप्रिल

भेटून आले. येताजाता अठ्ठावीस तास, भेट तीन तासांची.

गालावर कापल्याच्या तीन खुणा. तिथला दाढी करणारा आठवड्यातून एकदा येतो, वीस म्हाताऱ्यांच्या दाढ्या एका दमात उरकतो. बाबांच्या गालावर! ज्यांच्या हातून चाळीस वर्षांत कुणाला ओरखडा आला नाही. मला इतका राग आला की ऑफिसात जाऊन भांडले. तिथले साहेब म्हणाले, बाई, त्यांना काही कळत नाही हो, ते तक्रार करत नाहीत.

मग मीच पाणी गरम करून आणलं. साबण लावला. वस्तरा धरला तर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून जरा आडवं केलं. तेवढंच. आणि गाल फुगवून दिला. हात जुनी कामं विसरत नाहीत म्हणतात. मी संपूर्ण दाढी केली, मानेमागे छोटा आरसा धरला. बरं, म्हणाले.

शेजारचे शिक्षक म्हणाले, "तुमचे वडील फार गुणी विद्यार्थी आहेत. एक दिवस गैरहजर नाहीत."

हसले. परतीच्या गाडीत नाही हसता आलं.

रविवार, ९ जून

पहिली परीक्षा. वर्गात पहिली! एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली येणारी घोडी.

बाबांना सांगायला गेले. बारीक झालेत. शर्ट खांद्यावरून उतरतो. जेवत नाहीत, बाई म्हणाल्या, चमचा दिला तर खिडकीकडे बघतात. मी गुणपत्रिका पुढे धरली. अर्थात वाचता येत नसणारच, पण धरली. त्यांनी ती घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि तिच्यावर नखाने टकटक केलं. दोनदा.

मी खुळी, मला क्षणभर केवढं वाटलं. पण ते हल्ली कशावरही वाजवत असतील. मी कुठे रोज बघायला असते.

कागद घडी करून उशीखाली ठेवला त्यांनी. परत देईनात. राहू दे म्हटलं.

रविवार, ७ जुलै

जायला जमलं नाही. ड्यूटी.

रविवार, ४ ऑगस्ट

जमवता आलं असतं. खरं म्हणजे तिथे जायची भीती वाटते.

मंगळवार, २७ ऑगस्ट

पहाटे फोन आला. झोपेतच गेले.

शनिवार, ३१ ऑगस्ट

सगळं आटोपलं. दादा आला होता, काल परत गेला. स्टेशनावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, एवढा मोठा माणूस. म्हणाला, निदान त्यांना शेवटी काही कळत नव्हतं, त्रास झाला नाही. मीही म्हटलं, हो, ते एक बरं झालं.

दोघांनी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की पाठ झालं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

घर रिकामं करतेय. मावशी मदतीला आल्या. बाबांच्या उशीखाली सापडलं म्हणून वृद्धाश्रमातून एक पाकीट आलं होतं – माझी गुणपत्रिका. घड्यांवर पार झिजलेली. एक माणूस एक कागद इतक्या वेळा का उघडेल? मावशी म्हणाल्या, लेकीचा कागद आहे, ओळखला असेल.

उद्या रद्दीवाला येणार. त्याआधी चिकटवही पुरी करायची. छत्तीस वर्षं एक रविवार सुटलेला नाही, निदान पेपर आहेत तोवरची कात्रणं तरी लावीन. न सुटलेलीही लावायची. तीही त्यांचीच.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

१० मार्चचा पेपर, घडीसुद्धा न मोडलेला. कोड्याखाली बारीक अक्षरात एक चौकट – गेल्या रविवारच्या चित्रात एक काळं प्यादं छापायचं राहून गेलं. राजाच्या पुढच्या रांगेत, कडेच्या घरात. त्याच्याशिवाय राजा तिथून निसटतो आणि मात होत नाही. चुकीबद्दल क्षमस्व.

पट मांडला. प्यादं ठेवलं. आधी वजीर द्यायचा, मग एक हत्ती द्यायचा, मग उरलेला हत्ती शेवटच्या रांगेत. मात.

बाबांनी ते तिथेच ठेवलं होतं. मी उचलून डबीत टाकलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि उंट सरळ चालवला.